सभा सार्वजनिक, सतरंजी घरगुती

ये गं, अशी जवळ सरक. लांब दाराशी बसून का कुणी आजीचं ऐकतं? आणि आधी तो कान इकडे कर, मला धरायचाय. गेल्या खेपेला चहा अर्धा टाकून निघून गेलीस ना, तो चहा तसाच टेबलावर पडून होता, साय धरून. का गेलीस, तर म्हणे आजी हसली. आता तू समोर नाहीस, म्हणून हा कागदच तुझ्या जागी ओढून घेतलाय आणि त्याला रागे भरतेय.

टीव्हीवर दिल्लीची संसद चालली होती. कुठल्याशा परक्या देशात माणसं घरंदारं सोडून पळत होती, पोरं उपाशी होती, आणि आपल्याकडे कुणीतरी उठून म्हणालं की यावर चर्चा घ्या. उत्तर आलं, सूचना नामंजूर. तू तावातावाने उठलीस. "आजी, अगं चर्चासुद्धा नाही? नुसती चर्चा!" आणि मला हसू फुटलं. तुला वाटलं, म्हातारीला काय कळतंय यातलं. अगं, त्या उपाशी माणसांना नव्हते हसले मी. मला तो 'नामंजूर' ओळखीचा वाटला. आमच्या घरच्या पडवीत तयार व्हायचा तो, आणि त्याच्याबरोबरचा चहा मी करायचे.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला होतो. स्वराज्य आलेलं, घटनाही लागू झालेली. डोंबिवली म्हणजे काय, एक स्टेशन, विहिरी, भाताची खाचरं आणि कारकून. सकाळी सगळे पुरुष मुंबईला जाऊन आपापल्या साहेबासमोर मान खाली घालून बसायचे. संध्याकाळी परत आले की ती मान वर करायला कुठेतरी जागा लागायचीच. ती जागा म्हणजे आमच्या वाचनालयाची अभिरूप संसद. म्हणजे खोटी खोटी पार्लमेंट गं. तुम्ही लहानपणी भातुकली खेळायचात ना, तशीच, फक्त खेळणाऱ्यांना मिशा होत्या.

सभापती आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. आख्ख्या गल्लीत धड काळा कोट त्यांच्याकडेच, तेव्हा निवडणूक घ्यावी लागली नाही. सभापतींना घंटा हवी, ती आमच्या देवघरातली. सभा असली की देव त्या दिवशी घंटेशिवाय जेवायचे. आमचे हे पुरवठामंत्री. घरात साखर नसायची, पण रेशनवर ह्यांचं भाषण ऐकावं. परराष्ट्रमंत्री होते साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देणारे डॉक्टर. त्यांची सासुरवाडी ठाण्याला टेंभी नाक्याला, तेवढाच काय तो त्यांनी पाहिलेला परमुलूख. आणि विरोधी पक्षाचे नेते शाळेतले मास्तर. वर्गात पोरं त्यांना घाबरायची, म्हणून असेल, सभेत ते कुणालाच सोडायचे नाहीत.

बायका सभासद नव्हत्या. बायकांना मागे बसून ऐकायची मुभा होती. पण अंथरलेली सतरंजी आमची, पाहुण्यांची खुर्ची पोस्टमास्तरीणबाईंची, पाण्याचे पेले चार घरचे. आणि उजेड मामींचा.

या मामी समोरच्या घरातल्या. सगळ्या गल्लीच्या मामी, मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा मागेच गेलेला. त्यांच्याकडे दोन मोठ्या गॅसबत्त्या होत्या, लग्नाकार्याला त्याच लागायच्या. हवा भरायची, जाळी सांभाळायची, सगळं मामी स्वतः करायच्या. दुसऱ्या कुणाचा हात लागला की जाळी फुटतेच, असं त्यांचं म्हणणं, आणि फुटायची पण.

मामींना एकच लेक. तिचं नि माझं लग्न एकाच वर्षातलं. जावई ब्रह्मदेशात सागवानाच्या कंपनीत हिशेबनीस. जपानची लढाई झाली तेव्हा तो तिकडून रानातून पायी चालत आला होता. लढाई संपली, कंपनीने परत बोलावलं, तेव्हा लग्न करून लेकीला घेऊन आगबोटीने परत गेला. मंडालेच्या अलीकडे नदीकाठी गाव होतं त्यांचं. त्या गावाचं नाव मामींच्या तोंडात कधी बसलं नाही. दर वेळी वेगळंच काहीतरी यायचं. शेवटी त्या 'माझ्या लेकीचं गाव' एवढंच म्हणायला लागल्या.

मग तिकडूनही इंग्रज गेले आणि त्या लोकांची आपापसांतच जुंपली. आज एक गाव सरकारकडे, उद्या बंडवाल्यांकडे. होळीच्या आधी लेकीचं पत्र आलं होतं, त्यानंतर काही नाही. मामी रोज दुपारी माझ्याकडे यायच्या आणि पुढ्यात वर्तमानपत्र ठेवायच्या.

"बघ गो, माझ्या लेकीच्या गावाचं काय आलंय का."

मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पुढचं जे काही वाचता येतं ते मामंजींच्या कार्यक्रमपत्रिका वाचून. म्हणून तर माझ्या बोलण्यात मधेच 'सबब' आणि 'उपरोक्त' येतं, हसू नकोस. पेपरात कधी चार ओळी असायच्या, कधी तेवढ्याही नाही. मी वाचायचे, मामी ऐकायच्या, आणि जाताना पेपराची घडी अशी नीट घालून ठेवायच्या जसं काही पेपराने मेहेरबानीच केली.

दिवाळी झाली, आणि वाचनालयाच्या फळ्यावर मजकूर लागला. पुढच्या बैठकीला दिल्लीच्या खऱ्या पार्लमेंटचे मेंबर पाहुणे म्हणून येणार. सभेत चर्चा होऊन जो ठराव होईल, तो ते स्वतः दिल्लीला घेऊन जाणार. फळा मी मामींना वाचून दाखवला. मामी तिथेच थांबल्या.

"म्हणजे चर्चा झाली की दिल्लीला कळेल?"

"हो."

"आणि दिल्लीवाले ब्रह्मदेशवाल्यांना विचारतील?"

"विचारायला हवं."

"मग सांग तुझ्या मामंजींना. माझ्या लेकीची चर्चा करा म्हणावं. मला दुसरं काय नको. आहे का नाही, एवढं विचारा."

एवढंच होतं बघ. पोरगी आहे का नाही.

मी कुठली सांगायला! मामीच आल्या संध्याकाळी. मामंजी ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं त्यांनी, शांतपणे, माणूस काही वाईट नव्हता. मग म्हणाले, "मामी, कार्यक्रमपत्रिका ठरलेली आहे. ऐनवेळी विषय घ्यायचा तर तहकुबी सूचना आणावी लागेल."

"तहकूब म्हणजे बंद ना? कोर्टात तारीख तहकूब होते, तशी?"

"अगदी बरोबर."

"अहो भाऊजी, मला बोलणं सुरू करायचंय. तुम्ही बंद काय करायला सांगताय?"

मामंजींना असा प्रश्न फार आवडायचा. ते सरसावून बसले. "सभासदाने म्हणायचं की चालू कामकाज तहकूब करा. सभापतींनी ती सूचना दाखल करून घेतली, तर त्या सूचनेवर चर्चा होते. म्हणजे बंद करा म्हटलं की बोलायला मिळतं."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराआड तोंड लपवलं. मामंजींचं चालूच, एकेक बोट मिटत. प्रश्न निश्चित हवा, तातडीचा हवा, सार्वजनिक महत्त्वाचा हवा, आपल्या सरकारच्या अखत्यारीतला हवा. आणि सूचना सभासदाकडूनच यायला हवी, लेखी.

सभासद शोधायला लांब जावं लागलं नाही. मास्तर टपूनच होते. मामींचं पुरतं ऐकायच्या आतच म्हणाले, "मामी, निश्चिंत राहा. या सरकारला उभं जाळतो." मामी म्हणाल्या, "जाळू नका हो कुणाला, नुसतं विचारा." पण मास्तर तोवर लिहायला बसले होते. त्यांनी लिहिलेली सूचना मी वाचली. सरकारचं बोटचेपं धोरण त्यात होतं, आशिया खंडाची हाक होती, मंडालेच्या तुरुंगात आपल्या थोर पुढाऱ्यांनी काढलेल्या वर्षांवर तर भलामोठा परिच्छेद होता. मामींची लेक कुठे दिसेना. खाली सहीच्या वर सापडली, 'तेथील काही भारतीय रहिवासी' या शब्दांत बसलेली.

सूचना आली म्हटल्यावर तिच्यावर विचार करायला समिती बसली. समिती म्हणजे आमच्या पडवीत मामंजी, डॉक्टर, मास्तर आणि हे. आत चुलीपाशी मी चहा गाळत होते आणि सासूबाई पीठ चाळत होत्या. सासूबाई पुरुषांसमोर कधी तोंड उघडायच्या नाहीत. आत माझ्यापाशी मात्र प्रत्येक वाक्याला त्यांचं उत्तर तयार असायचं.

डॉक्टर म्हणाले, "ब्रह्मदेश आपलं मित्रराष्ट्र. आपण त्यांच्या अंतर्गत भानगडीत डोकावलो, तर त्यांना काय वाटेल?"

"त्यांना सांगायला कोण जातंय, वाचनालयाची मांजर?" सासूबाई पुटपुटल्या.

"वाटू द्या काय वाटायचं ते!" मास्तर गरजले. "सरकारचा बुरखा फाडायचाय."

"पाहुण्यांसमोर?" हे म्हणाले. "आणि वेळ कुठाय? तांदळाच्या प्रश्नाला वेळ दिलेला आहे. माझं भाषण पाठ झालंय."

मामंजी म्हणाले, "वेळेचं राहू द्या. मुळात अधिकृत माहिती काय आहे? वर्तमानपत्र हा पुरावा नव्हे. अधिकृत माहिती परराष्ट्रखात्याने द्यायला हवी."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बशीतला चहा फुंकत होते. ते गंभीरपणे म्हणाले, "माझ्या खात्याकडे अद्याप कोणतीही माहिती आलेली नाही."

खरंच होतं ते. त्यांच्या खात्याकडे त्या दिवशी दोन खोकलेवाले आणि एक खरूजवाला आला होता.

"आणि आज ब्रह्मदेश घेतला," हे म्हणाले, "तर उद्या कुणी चीन आणेल, परवा मिसर. पृथ्वीवर कुठे ना कुठे काहीतरी चालूच असतं."

यांना मी रात्री जेवताना भाताऐवजी भाकरी वाढली. का ते त्यांना कळलं नाही. तांदळाच्या टंचाईचं भाषण पाठ केलं होतं ना, म्हटलं सवय होऊ दे.

हे सगळं मी आधीही एकदा ऐकलेलं होतं गं. कल्याणच्या पलीकडे लष्कराच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं उतरली, तेव्हाची गोष्ट. गाड्या भरभरून येत होती. तेव्हाही मास्तरांनी सूचना आणली. मामंजी म्हणाले, प्रश्न फार ताजा आहे, माहिती येऊ द्या. माहिती आली. म्हणजे ती माणसंच आली, दारोदार पापड आणि गोळ्या विकत डोंबिवलीपर्यंत आली. तोवर मामंजी म्हणाले, आता प्रश्न जुना झाला, त्यात तातडी राहिली नाही. सासूबाई आत म्हणाल्या होत्या, "सकाळी तोंड भाजतं म्हणून खायचं नाही, संध्याकाळी शिळं झालं म्हणून खायचं नाही. मग जेवायचं कधी?"

तर समिती उठली. चहा संपला होता. मामी बत्तीची जाळी बदलायला म्हणून आल्या होत्या, अंगणातच होत्या. मामंजी त्यांच्यापाशी गेले. त्यांना वाईट वाटत होतं, हे मी शपथेवर सांगते. वाईट वाटलं की ते जास्त शुद्ध बोलायचे.

"मामी, आम्ही साकल्याने विचार केला. प्रश्न अखत्यारीबाहेरचा आहे, अधिकृत माहिती नाही. पण ते सोडा. मुख्य मुद्दा असा की प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा लागतो. राग मानू नका, पण तुमचा प्रश्न घरगुती आहे."

मामींनी हातातली जाळी जपून डबीत ठेवली.

"सार्वजनिक म्हणजे काय हो भाऊजी? विहीर सार्वजनिक. गणपती सार्वजनिक. हे मला कळतं. माणूस सार्वजनिक कधी होतो? किती मेले म्हणजे होतो?"

मामंजी म्हणाले, "तसा आकडा नियमात दिलेला नाही."

मला वाटलं मामी रडतील. नाही रडल्या. "बरं," म्हणाल्या. "घरगुती तर घरगुती." आणि बत्ती पुसायला लागल्या.

बैठकीच्या संध्याकाळी वाचनालय गच्च भरलं. पाहुणे आले, पांढरी टोपी, जाकीट, चेहऱ्यावर दिल्लीचं हसू. मामंजींचा कोट मी परटाकडून इस्त्री करून आणला होता. पुढे टेबलावर मामींची बत्ती सूं सूं करत होती, दुसरी मागे आम्हा बायकांच्या डोक्यावर टांगलेली. मामी पहिल्यांदाच अगदी पुढे येऊन बसल्या, पुरुषांच्या रांगेला लागून. कुणी काही बोललं नाही. बत्तीवाली म्हणून चालवून घेतलं असेल.

मामंजींनी घंटा वाजवली आणि निर्णय वाचला. काय वाचला म्हणून सांगू! 'परराष्ट्राची अंतर्गत बाब', 'पूर्वोदाहरणाचा अभाव', 'सबब उपरोक्त सूचना दाखल करून घेता येत नाही'. मास्तरांनी निषेध म्हणून सभात्याग केला, दारापर्यंत गेले, आणि पाहुण्यांचं भाषण व्हायचं होतं म्हणून परत येऊन बसले. पाहुणे खूश. मान डोलावून म्हणाले, "वा! अगदी दिल्लीसारखं!" सभासदांनी बाकं वाजवली. म्हणजे बाकं नव्हतीच, सतरंजीवर बसून सगळ्यांनी आपापल्या मांड्या बडवल्या.

मग पुरवठामंत्री उठले, म्हणजे आमचे हे. "सभापतिमहाराज, तांदूळ हा..." एवढं म्हणतात तोच मामी उठल्या. शांतपणे टेबलापाशी गेल्या आणि बत्तीची कडी धरली.

मामंजींनी घंटा वाजवली. "मामी, कामकाज चालू आहे."

"चालू द्या की. मी कुठे अडवतेय? बत्ती तेवढी नेते. घरगुती आहे."

आधी कुणाला कळलंच नाही. मागून कुणीतरी हसलं. मामींनी ती बत्ती उचलली, मग मागे येऊन दुसरी काढायला लागल्या. आणि तेव्हा, अगं, माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई उठल्या! ज्या बाईने परक्या पुरुषासमोर नवऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारली नव्हती, ती बाई भर पार्लमेंटात पदर खोचून म्हणाली, "जरा उठता का सगळे? सतरंजी आमची आहे. घरगुती."

बसलेला पुरुष असा एकदम उठत नाही. आधी तो इकडेतिकडे बघतो, दुसरा कुणी उठतोय का. सासूबाईंनी वाट पाहिली नाही. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी, आणि गुंडाळायला सुरुवात केली. सरकार पक्ष भिंतीला लागला, विरोधी पक्ष दुसऱ्या भिंतीला. पोस्टमास्तरीणबाई पाहुण्यांपाशी जाऊन म्हणाल्या, "क्षमा करा हं, खुर्ची आमच्याकडची." पाहुणे बिचारे पटकन उठले. पेले गेले, तांब्या गेला. शेवटी सासूबाई टेबलापाशी गेल्या आणि मामंजींच्या हातातून घंटा काढून घेतली. "आरतीची वेळ झालीय," एवढंच म्हणाल्या.

मामी बत्त्या घेऊन दारापर्यंत पोचल्या होत्या. आत अंधार पसरत चालला. त्या अंधारात मामंजींचा आवाज आला, तसाच भरदार, कोर्टातला. "सभा तहकूब करण्यात येत आहे."

"मंजूर झाली!" मास्तर ओरडले. "तहकुबी मंजूर झाली!"

पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. पाहुण्यांना परतीची गाडी गाठायची होती. स्टेशनाकडची वाट चिखलाची, दोन्ही बाजूंना खाचरं, आणि गावात त्या घटकेला धड उजेड होता तो मामींच्या हातात. एक बत्ती त्यांनी मला दिली, एक स्वतः घेतली आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "चला, पोचवते." नाही कसं म्हणणार? मामी पुढे, पाहुणे धोतर सावरत मधे, मी मागे. मामी चालतील तेवढंच त्यांना चालता येत होतं. मामी थांबल्या की तेही थांबायचे. मामी बऱ्याचदा थांबल्या.

सगळं सांगितलं त्यांनी. जावई, सागवान, नदी, होळीआधीचं पत्र. गावाचं नाव मी सांगितलं, मी रोज पेपरात शोधत होते ना. पाहुणे म्हणाले, "बाई, मला कळतं. पण तो आता परका देश झाला. दुसऱ्याच्या घरातलं आपण विचारायचं, म्हणजे जरा नाजूक असतं."

मामी वळल्या. बत्ती अगदी पाहुण्यांच्या तोंडापाशी आली.

"लेक दिली की ते परकंच घर असतं हो. डोंबिवलीत दिली तरी परकंच. म्हणून काय माहेरच्यांनी विचारायचं नाही?"

पाहुण्यांनी डोळ्यांवर हात धरला, उजेडामुळे असेल. म्हणाले, "मी योग्य त्या खात्याकडे पाठपुरावा करतो." मामींनी मला नंतर विचारलं, पाठपुरावा म्हणजे काय. मी म्हटलं, मागे लागणं. "मग बरं," म्हणाल्या.

कुणाच्या मागे लागले कुणास ठाऊक. त्यानंतर मामी रोज वाचनालयाच्या चिटणिसांना विचारायच्या, दिल्लीचं काही आलं का. ते म्हणायचे, बाब विचाराधीन आहे. थंडी आली, संक्रांत गेली, बाब विचाराधीनच. आणि एका सकाळी कल्याण स्टेशनातून हमाल सांगत आला की कलकत्त्याच्या मेलने एक बाई उतरलीय, अंगात ताप आहे, आणि डोंबिवलीच्या बत्तीवाल्या मामी म्हणून पत्ता सांगतेय.

आम्ही दोघी गेलो. ती फलाटावर बसली होती, कडेवर पोर. हे पोर झालेलं आम्हाला माहीतच नव्हतं. मामींनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, तीही रानातून चालत आली का म्हणून. मग मागे पाहिलं, आणखी कुणी उतरतंय का. लेक म्हणाली, "ते मागून येणारेत. वखारीवर काय राहिलंय ते बघून येतो म्हणाले." ते मागून आले नाहीत. तिने कितीतरी वर्षं कुंकू पुसलं नाही, आणि आमच्या गल्लीने, एकदा का होईना, त्यावर चर्चा केली नाही.

ती आली आणि आठवड्याभरात समिती पुन्हा जमली. ह्या खेपेला आमच्या पडवीत नाही, थेट मामींच्या दारात. मामंजी कोटात, डॉक्टर, मास्तर. डॉक्टरांचा चेहरा तर नुसता फुललेला. "आता अधिकृत माहिती उपलब्ध झाली! प्रत्यक्षदर्शी!" मास्तर म्हणाले, ताईंना व्यासपीठावर बसवू, त्यांच्या तोंडून ऐकू. मामंजी म्हणाले, ताईंच्या सुखरूप परतीबद्दल अभिनंदनाचा ठराव घ्यायचा आहे, सर्वपक्षीय. आणि त्यासाठी लेखी सूचना लागणार नाही.

मामी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी. आत लेक पोराला निजवत होती, तिचा आवाज येत होता. मामींनी सुपातला खडा काढला, लांब टाकला.

"भाऊजी, पोरगी घरी आली. आता प्रश्न तातडीचा राहिला का?"

मामंजी अडखळले. "तसा... काटेकोर अर्थाने पाहिलं तर... नाही."

"शिळा झाला. आणि अंतर्गत आहे. घरातली बाब आहे." मामींनी सूप उचललं, उठल्या. "नामंजूर."

आणि दाराची खालची फळी लावून घेतली. हळू लावली, पोर निजलं होतं.

मामंजी घरी आले, कोट काढून खुंटीला लावला आणि जेवले. त्यानंतर सभा झाल्या, पण घंटा न्यायची झाली की ते देवघरापाशी उभे राहून सासूबाईंना विचारायचे, "नेऊ का?" सासूबाई कधी हो म्हणायच्या, कधी म्हणायच्या, विचार करून सांगते. मामींच्या नातीला अंगाखांद्यावर खेळवलं मामंजींनी, तिला अक्षरंही त्यांनीच शिकवली. पण प्रश्न सार्वजनिकच हवा, हा अभिरूप संसदेचा नियम काही बदलला नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "सूनबाई, त्यासाठी दुरुस्ती सूचना आणावी लागेल."

म्हणून हसले गं मी त्या दिवशी. तू म्हणालीस, 'नुसती चर्चा', तशाच आवाजात मामी म्हणाल्या होत्या, 'नुसतं विचारा'. पण पोरी, पडद्यासमोर उभी राहून ओरडलीस आणि निघून गेलीस, त्याने काय होणार? तिथल्या बत्त्या कुणाच्या, सतरंज्या कुणाच्या, ते आधी बघ.

ती कडेवरची पोर आता कल्याणजवळ मोहन्याला असते, नोकरीतून निवृत्त झालीय. कधीमधी दुपारची येते माझ्याकडे, आईचं बोलते, आजीचं बोलते. तुझ्याबद्दल सांगितलंय तिला. म्हणाली, ती आली की मला बोलाव. तेव्हा लवकर ये बाई. आधी कळवायचं, दिवस ठरवायचा, असलं काही करू नकोस. तशीच ऊठ आणि ये, आणि ह्या वेळी चहा पुरा पिऊन जा.